पापणीचा स्नायू काढल्यावर पुढे काय?

डोळा लवतो तेव्हा पापणीत बारीक थरथर होते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप थांबते. ब्लेफरोस्पाझमचं तसं नाही. यात दोन्ही डोळे मनात नसताना घट्ट मिटतात. नजर शाबूत असते, पण रस्ता ओलांडता येत नाही. दुखणं बहुतेक पन्नाशीनंतरचं, आणि बायकांमध्ये जास्त. कपाळाला बोट टेकलं किंवा काही गुणगुणलं की काहींची पापणी सुटते. मग घरचे म्हणतात, नाटकं आहेत! नाटकं नव्हेत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेतला हा बिघाड आहे.

पूर्वी यावर चेहऱ्याची नस कापत. डोळे उघडत, पण चेहरा लुळा पडे. शिवाय नस पुन्हा वाढली की दुखणं परत हजर. १९८१ च्या सुमारास अमेरिकेतले नेत्रशल्यविशारद रिचर्ड अँडरसन यांनी नसेऐवजी थेट डोळा मिटणारा स्नायू काढायची पद्धत मांडली. तीच मायेक्टमी. पापणीच्या घडीत छेद घेऊन डोळ्याभोवतीचा स्नायू जमेल तितका काढतात. गरज असेल तर भुवया आक्रसणारे स्नायूही. पापण्यांची सूज कधी कधी काही महिने रेंगाळते, कपाळ बधिर राहतं, डोळे कोरडे पडतात.

१९८९ मध्ये अमेरिकेत या दुखण्यासाठी बोटुलिनमच्या, म्हणजे स्नायू तात्पुरता ढिला करणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि शस्त्रक्रिया मागे पडली. इंजेक्शनचा असर साधारण तीन महिने टिकतो. ते पुरेनासं झालं, तरच आज मायेक्टमीचा विचार होतो.

ती करून घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं फायदा राहतो. वाचणं, एकट्यानं बाहेर पडणं पुन्हा जमतं. पण इंजेक्शनं सर्वांची सुटत नाहीत. पुष्कळांना ती नंतरही लागतात, फक्त आधीपेक्षा बरी लागू पडतात. कारण उघड आहे: काढला तो स्नायू, आणि चुकीचा हुकूम सोडणारा मेंदू आहे तिथेच. माझ्या मते हे रुग्णाला टेबलावर घेण्याआधीच स्वच्छ सांगायला हवं.

काहींचं दुखणं आणखी वेगळं. त्यांच्या पापण्या आवळलेल्या नसतात, पण उघडायची सुरुवातच होत नाही. अशांची पापणी कपाळाच्या स्नायूला टांगून देतात. मग भुवई उचलली की डोळा उघडतो.

या दुखण्यात अनेकांना उजेडही सहन होत नाही. तो त्रास मात्र शस्त्रक्रियेनंतरही उरू शकतो. त्यासाठी एफएल-४१ नावाच्या गुलाबी झाकेच्या चष्म्याच्या काचा मिळतात, आणि काहींना त्यांनी खरोखर आराम पडतो.