भरती-तारांकन (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

भरती-तारांकन : अमेरिकेतील हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना, ते महाविद्यालयीन संघात दाखल होण्यापूर्वीच, त्यांच्याकडून अपेक्षित असलेल्या कर्तृत्वानुसार साधारणतः दोन ते पाच तारे देण्याची पद्धत. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल महाराष्ट्रात पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन वा फेकून, अकरा-अकरा खेळाडूंनी शंभर यार्डांच्या मैदानावर खेळायचा हा अमेरिकी खेळ आहे. हे तारे विद्यापीठे देत नाहीत आणि महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणारी संघटनाही देत नाही. खाजगी वृत्तसंस्था ते देतात आणि आपल्या आवडत्या विद्यापीठाच्या संघात पुढील वर्षी कोण येणार हे जाणण्यास उत्सुक असलेल्या चाहत्यांच्या वर्गणीवर त्यांचा व्यवसाय बराचसा चालतो. या ताऱ्यांना खरोखर काही अर्थ आहे काय, हा अमेरिकी फुटबॉलमधील जुना आणि दरवर्षी नव्याने पेटणारा वाद आहे.

हायस्कूलमधील उत्तम खेळाडूंच्या याद्या तारे येण्याआधीही निघत असत. 'परेड' साप्ताहिक १९६० च्या दशकापासून अशा खेळाडूंचा राष्ट्रीय संघ जाहीर करीत असे, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस टॉम लेमिंग यांच्यासारखे निरीक्षक गावोगाव मोटारीने फिरून, मुलांना भेटून, त्यांच्या खेळाच्या चित्रफिती पाहून आपले नियतकालिक चालवू लागले. इंटरनेटने या छंदाचा उद्योग केला. १९९८ मध्ये रायव्हल्स ही संस्था निघाली, पाठोपाठ स्काउट आली. २०१० मध्ये ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्स आणि २०२१ मध्ये ऑन-थ्री यांची त्यांत भर पडली. ईएसपीएन ही क्रीडावाहिनीही आपली स्वतंत्र यादी काढते. निरनिराळ्या संस्थांचे मूल्यांकन एकत्र करून काढलेला संयुक्त गुणांक आज सर्वाधिक उद्धृत केला जातो.

तारा हे वस्तुतः एका गुणांकाचे सोपे रूप आहे. रायव्हल्सच्या पूर्वीच्या मापनात ६.१ गुण मिळवणारा पंचतारांकित ठरे, ५.८ ते ६.० पर्यंतचा चार ताऱ्यांचा आणि ५.५ ते ५.७ पर्यंतचा तीन ताऱ्यांचा. म्हणजे चार ताऱ्यांच्या गटातील शेवटचा आणि तीन ताऱ्यांच्या गटातील पहिला यांच्यात गुणांचे अंतर नाममात्र असते. ते डोळ्यांत भरते ते एका ताऱ्याच्या फरकामुळे. ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्स दरवर्षी सुमारे ३२ खेळाडूंनाच पाच तारे देते आणि त्यामागील हिशेब उघड आहे : व्यावसायिक फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ३२ संघ आहेत आणि नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या, म्हणजे ड्राफ्टच्या, पहिल्या फेरीत साधारण तितकेच खेळाडू घेतले जातात. पाचवा तारा हे अशा प्रकारे एक भाकीत आहे. हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत निवडला जाण्याच्या योग्यतेचा ठरेल, असे ते सांगते.

मूल्यांकनासाठी शालेय सामन्यांचे चित्रण, उंची, वजन, हातांची लांबी, चाळीस यार्ड धावण्याची वेळ, उन्हाळी शिबिरांतील कामगिरी आणि हंगामाअखेरच्या निवडक सामन्यांतील खेळ यांचा आधार घेतला जातो. कोणकोणत्या विद्यापीठांनी त्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली आहे, हेही पाहिले जाते आणि येथे एक गुंता निर्माण होतो. अलाबामा किंवा जॉर्जिया यांसारख्या मातबर विद्यापीठाने एखाद्या अपरिचित मुलाकडे लक्ष वळवले की मूल्यमापक त्याचे चित्रण पुन्हा पाहतात आणि पुष्कळदा त्याचे मानांकन वाढते. मग मोठ्या विद्यापीठांकडे मोठे मानांकन असलेले खेळाडू जातात, या निरीक्षणातील काही भाग वर्तुळाकार ठरतो. टीकाकारांचा हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यामुळे तारे निरर्थक ठरत नाहीत, कारण मुलांच्या पारखीवर ज्यांची नोकरी अवलंबून आहे अशा अनुभवी प्रशिक्षकांचे मतच त्या वाटेने ताऱ्यांत उतरते. वर्गणीदारांची संख्या मोठी असलेल्या विद्यापीठांच्या खेळाडूंना झुकते माप मिळते, असाही संशय नेहमी व्यक्त होतो. त्याची शहानिशा वरील कारणामुळेच अवघड आहे.

ताऱ्यांच्या बाजूचा पुरावा खेळाडूंच्या मोठ्या समूहाकडे पाहिले असता दिसतो. अमेरिकेत सुमारे दहा लाख मुले हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यांतील तीनेक हजार दरवर्षी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात शिष्यवृत्तीवर दाखल होत आले आहेत. या तीन हजारांत पंचतारांकितांपैकी साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक पुढे एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये निवडले जातात. चार ताऱ्यांच्या खेळाडूंत हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास येते आणि तीन ताऱ्यांच्या खेळाडूंत ते दहांत एकाहूनही कमी असते. सतरा वर्षांच्या मुलांविषयी, त्यांचे शरीर अजून वाढत असताना केलेले भाकीत इतके खरे ठरावे, ही प्रस्तुत लेखकाच्या मते उल्लेखनीय गोष्ट आहे.

याउलट, एनएफएलच्या कोणत्याही संघाची यादी उघडली तर तीन किंवा दोन ताऱ्यांचे खेळाडू पंचतारांकितांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक आढळतात आणि त्यावरून तारे फोल असल्याचा निष्कर्ष हमखास काढला जातो. ही गणिती चूक आहे आणि ती उदाहरणाने सहज स्पष्ट होते. समजा, एका वर्षी ३० पंचतारांकित व १,५०० तीन ताऱ्यांचे खेळाडू दाखल झाले. पहिल्या गटातील निम्मे आणि दुसऱ्यातील शंभरात पाच व्यावसायिक झाले, तर पहिल्या गटातून १५ आणि दुसऱ्यातून ७५ जण पुढे जातील. ७५ हा आकडा १५ च्या पाचपट असला तरी एका पंचतारांकित मुलाची संधी तीन ताऱ्यांच्या मुलाच्या दहापट आहे. वादातील दोन्ही पक्ष खरे आकडे मांडतात. प्रश्न मात्र निरनिराळे विचारतात.

संघांच्या यशापयशात ताऱ्यांचा प्रभाव अधिकच ठळक दिसतो, कारण एका खेळाडूबाबत होणाऱ्या चुका शंभर जणांच्या संघात एकमेकींना बऱ्याच प्रमाणात छेदतात. बड एलियट या क्रीडापत्रकाराने मांडलेले 'ब्लू-चिप रेशो' हे प्रमाण या संदर्भात प्रसिद्ध आहे. एखाद्या विद्यापीठाने मागील चार वर्षांत हायस्कूलमधून घेतलेल्या खेळाडूंपैकी निम्म्याहून अधिक जण चार वा पाच ताऱ्यांचे असतील तरच तो संघ राष्ट्रीय विजेतेपद मिळवू शकतो, असा त्याचा सारांश. सव्वाशेहून अधिक संघांपैकी ही अट दरवर्षी दहा ते अठरा संघच पूर्ण करतात. तरी २०११ ते २०२४ या हंगामांतील प्रत्येक विजेता याच मूठभरांतला होता. या काळात भरतीच्या यादीत वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर किंवा त्याच्या जवळपास राहणाऱ्या अलाबामाने निक सेबन यांच्या मार्गदर्शनाखाली विजेतेपदामागून विजेतेपद मिळवले. २०२२ च्या हंगामात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ ही अट पूर्ण न करताही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. ९ जानेवारी २०२३ रोजी झालेल्या त्या सामन्यात ताऱ्यांनी भरलेल्या जॉर्जियाने त्याला ६५–७ असे हरवले. जिद्द, डावपेच आणि दैव यांच्या बळावर एखादा सामना जिंकता येतो. अंतिम फेरीपर्यंतचे सलग बलाढ्य प्रतिस्पर्धी आणि हंगामभरातील दुखापती यांना तोंड द्यायचे तर राखीव फळीतही तितकेच समर्थ खेळाडू लागतात आणि तारांकन हे बहुतांशी या खोलीचे माप आहे. मात्र त्याच जॉर्जियाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि आक्रमणाचा सूत्रधार, स्टेट्सन बेनेट हा होता. तो मुळात शिष्यवृत्तीविना संघात आलेला खेळाडू. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांची विजेतेपदे त्याच्याच नेतृत्वाखाली मिळाली.

या पद्धतीच्या चुका कोठे होतात हे पाहणे ती बरोबर किती येते हे मोजण्याइतकेच उद्बोधक आहे, कारण चुका विखुरलेल्या नसून ठरावीक ठिकाणी साचलेल्या असतात. पहिले कारण शरीराची वाढ. जे. जे. वॉट हा हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा दोन ताऱ्यांचा टाइट एंड, म्हणजे आक्रमणफळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा व चेंडू झेलणारा खेळाडू, होता आणि सेंट्रल मिशिगन विद्यापीठात त्याच जागी खेळला. पुढे तेथील शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात स्वखर्चाने दाखल झाला, बचावफळीत आला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेला. एनएफएलमधील सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याने तीन वेळा मिळवला. त्याच्याइतक्याच वेळा हा किताब मिळवणारा एरन डोनाल्ड तीन ताऱ्यांचा होता, आणि बचावपटू म्हणून ख्याती पावलेला खलील मॅक दोन ताऱ्यांचा. समोरासमोर भिडणाऱ्या लाइनमनांचे सामर्थ्य विशीत भरते. त्यामुळे त्यांच्याबाबतचे अंदाज अधिक डळमळीत असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्यांचा वेग मात्र सोळाव्या वर्षीही घड्याळात दिसतो.

दुसरे कारण संधीचे. कॅम वॉर्ड टेक्सासमधील ज्या शाळेत शिकला, तेथील संघ 'विंग-टी' या धावण्यावर भर देणाऱ्या जुन्या रचनेने खेळे. क्वार्टरबॅकला फेकायला चेंडूच क्वचित मिळे. त्याच्या फेकीचे पुरेसे चित्रणच नसल्याने त्याला कोणी तारे दिले नाहीत आणि इन्कार्नेट वर्ड या खालच्या विभागातील विद्यापीठाखेरीज कोणी शिष्यवृत्तीही देऊ केली नाही. तेथून वॉशिंग्टन स्टेट आणि मग मायामी असा प्रवास करून तो २०२५ च्या ड्राफ्टमध्ये देशात पहिला निवडला गेला. जॉश ॲलन हा कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतीप्रधान गावचा. त्यालाही आरंभी मोठ्या विभागातून एकही बोलावणे नव्हते. दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात खेळून तो वायोमिंग विद्यापीठात गेला, २०१८ मध्ये सातवा निवडला गेला आणि २०२४ च्या हंगामात एनएफएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. फ्लॉरिडा, टेक्सास, जॉर्जिया यांतील मोठ्या शाळांच्या मैदानांवर निरीक्षकांची वर्दळ असते. आडगावच्या मुलाला आधी कोणाच्या तरी नजरेस पडावे लागते आणि शिबिरांच्या प्रवासखर्चाचा भार त्याच्या घरच्यांवर पडतो. या ठिकाणी तारांकन गुणवत्तेबरोबर दृश्यतेचेही मोजमाप करते आणि ही त्याची सर्वांत गंभीर उणीव होय.

क्वार्टरबॅकची जागा पारखायला सर्वांत कठीण मानली जाते. ट्रेव्हर लॉरेन्स २०१८ च्या भरतीत देशातील अव्वल गणला गेला, पहिल्याच वर्षी त्याने क्लेमसनला विजेतेपद मिळवून दिले आणि २०२१ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. भाकीत इतके नेमके क्वचितच उतरते. दुसरीकडे पॅट्रिक महोम्स तीन ताऱ्यांचा होता आणि बेकर मेफील्डने दोन विद्यापीठांत शिष्यवृत्तीविना प्रवेश मिळवून २०१७ ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा वार्षिक पुरस्कार, जिंकली. क्षणार्धात मैदान वाचून निर्णय घेण्याची क्षमता फीत लावून मोजता येत नाही.

पाच तारे मिळूनही पुढे मागे पडलेल्या खेळाडूंची यादी अनेक लेखांतून आवर्जून छापली जाते. ती येथे दिलेली नाही. दुखापत, घरची परिस्थिती, प्रशिक्षकांची बदली अशी त्यामागची कारणे बहुधा तारा देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही हाती नसतात, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी परक्यांनी चिकटवलेल्या अंकावरून एखाद्याला आयुष्यभर जोखणे अन्यायाचे आहे.

२०१८ पासून सुरू झालेले ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आणि २०२१ मध्ये शिथिल झालेले दोन नियम यांनी तारांकनाचे स्थान बदलले आहे. एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली आणि खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून पैसे मिळवता येऊ लागले. २०२५ पासून विद्यापीठेही खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पूर्वी तारा म्हणजे चाहत्यांची चर्चा आणि फार तर शिष्यवृत्तीचा दर्जा. आता करारावरील रकमेच्या वाटाघाटीत त्याला वजन आहे.

या बदलाचे सर्वांत मोठे फलित इंडियाना विद्यापीठाच्या रूपाने दिसले. पराभवांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या या संघाने २०२३ मध्ये बारापैकी तीनच सामने जिंकले होते. त्यानंतर आलेले प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातील अनेक खेळाडू बरोबर आणले आणि ज्यांची महाविद्यालयीन कामगिरी डोळ्यांसमोर होती असे आणखी काही खेळाडू पोर्टलमधून निवडले. २०२५ च्या हंगामात हा संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला आणि ब्लू-चिप रेशोची अट प्रथमच मोडली. त्याचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हायस्कूलच्या याद्यांत फार खाली होता; कॅलिफोर्निया विद्यापीठातून तो इंडियानाला आला आणि त्या वर्षीची हाइसमन ट्रॉफीही त्यालाच मिळाली. इंडियानाच्या यशाने तारांकनाचा पाडाव झाला असे म्हणणे घाईचे ठरेल. त्या वर्षी त्यांनी वाटेत हरवलेल्या बड्या संघांचा भरणा चार-पाच ताऱ्यांच्याच खेळाडूंचा होता. एवढे मात्र खरे की हायस्कूलमधील अंदाजाच्या जोडीला आता महाविद्यालयीन मैदानावरील दोन-तीन वर्षांची प्रत्यक्ष कामगिरी उपलब्ध असते. मूल्यांकन संस्थाही विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंना त्या आधारे नव्याने तारे देतात.