मनोविकार उपचारांची फाईल कोणाला मिळते? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मी सख्खा भाऊ आहे, तरी फाईल दाखवत नाहीत." भावाचं चिडणं समजण्यासारखं आहे. बार्शीहून एसटीने घेऊन आला तो, औषधांचे पैसे भरले त्याने. पण २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार ही माहिती आधी रुग्णाची असते. डॉक्टरांनी ती गुप्त ठेवणं हे सौजन्य नसून त्यांचं कर्तव्य आहे. स्थळाची चौकशी करायला आलेल्यांना किंवा कारखान्याच्या मालकाला ती सांगता येत नाही. सांगितली, तर ती तक्रारीची बाब ठरते.

याला अपवाद आहेत, पण ते थोडे. उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती देता येते. कोणाच्या जिवाला धोका असेल तर, किंवा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा (या कायद्याखालचे अर्ज आणि तक्रारी ऐकणारं मंडळ) वा उच्च न्यायालयाचा आदेश असेल तर देता येते. आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने लेखी नेमलेल्या व्यक्तीला, देता येते. घरच्यांचं काम होतं ते या शेवटच्या वाटेने.

आधी हा एक कागद करा

प्रतिनिधी नेमायला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. साधा कोरा कागद, त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा, एवढंच कायदा मागतो. नेमलेली व्यक्ती सज्ञान हवी आणि तिने जबाबदारी घ्यायला तयार असल्याचं लेखी द्यायला हवं. रुग्णाला ही नेमणूक कधीही बदलता येते. मजकूर असा चालेल:

"मी, (नाव, वय, पत्ता), मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार (नाव, नातं, पत्ता, मोबाईल) यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. दिनांक, सही/अंगठा." खाली प्रतिनिधीने लिहायचं, "मला ही जबाबदारी मान्य आहे."

कोणालाच नेमलेलं नसेल तर कायद्याच्या क्रमाप्रमाणे नातेवाईक, आणि नातेवाईक नसेल तर काळजी घेणारी व्यक्ती प्रतिनिधी ठरते. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात एकीकडे बायको आणि दुसरीकडे भाऊ उभा राहतो, मध्ये शेताच्या वाटणीचा विषय असतो, आणि दवाखाना दोघांनाही परत पाठवतो. म्हणून रुग्ण बरा असतानाच कागद करून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदेशीर पालक हाच प्रतिनिधी असतो.

सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. आजींना मराठी कागद वाचून दाखवून अंगठा घेतला की काम झालं, असं समजू नका. त्यांना त्यांच्या भाषेत नीट सांगा. उपचारांची माहिती समजेल अशा भाषेत मिळवणं हादेखील याच कायद्यातला हक्क आहे.

नोंदींसाठी अर्ज

अर्ज करणार रुग्ण किंवा त्याचा प्रतिनिधी. द्यायचा रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे. २०१८ च्या नियमांत त्यासाठी 'नमुना ए' आहे, आणि अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत मूलभूत नोंदी द्यायच्या आहेत. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड आणि प्रतिनिधी अर्ज करत असेल तर वरचा नेमणुकीचा कागद जोडा. छापील फॉर्म संपलेत असं उत्तर मिळालं तर तोच मजकूर हाताने लिहून द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर ते १५ दिवस कधी सुरू झाले हे पुढे सिद्ध करता येत नाही. मी स्वतः एकदा घाईत पोच न घेता निघालो होतो. तो अर्ज नंतर कुणालाच सापडला नाही, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

एखादी माहिती दिल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कोणाला धोका होईल असं वाटलं तर डॉक्टर तेवढा भाग रोखू शकतात. पण मग मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्यांनी रुग्णाला सांगायला हवं.

दाद कुठे मागायची

सेवेतल्या त्रुटीची तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, तिथे समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, आणि तिथेही नाही झालं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे जाते. पण हक्काचाच भंग झाला असेल, किंवा रुग्णालयाचा निर्णय मान्य नसेल, तर थेट मंडळाकडे अर्ज करता येतो. अर्ज रुग्ण करू शकतो, प्रतिनिधी करू शकतो, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था. अर्जदाराचं नाव, संपर्क, कोणता हक्क डावलला, कुठे डावलला आणि काय दाद हवी, या पाच गोष्टी अर्जात हव्यात. फी नाही. दाखल असलेल्या रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ अपवादात्मक परिस्थितीत घेऊ शकतं. मंडळाचा पत्ता आणि फोन रुग्णालयात ठळक जागी लावणं बंधनकारक आहे, अर्जाचे नमुने देणंही. भिंतीवर तो फलक नसेल तर पहिला मुद्दा तोच लिहा.

सर्वसाधारण अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा असतो. इच्छेविरुद्ध ३० दिवसांपर्यंत दाखल करून ठेवण्याला आव्हान दिलं असेल तर ७ दिवसांत, आणि त्यापुढच्या मुक्कामाला दिलं असेल तर २१ दिवसांत.

डॉक्टरांच्या व्यावसायिक वागणुकीबद्दलची तक्रार मात्र वेगळी. ती मनोविकारतज्ज्ञांविरुद्ध असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे करायची. दारावर नुसतं 'समुपदेशक' लिहिलेलं असेल तर पहिल्या भेटीतच नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, आपण ब्लाऊज शिवायला टाकतानाही चार प्रश्न विचारतो. पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. मुदत दोन वर्षं, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. या कायद्याखालचे हक्क बजावण्यासाठी रुग्णाला मोफत कायदेशीर मदत मिळते. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करायचं. त्यासाठी सोलापूरकरांना आता मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून आपला जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडला गेला आहे.