रांगेत नुसते डोकावण्याची किंमत

मेसेज क्यू म्हणजे संदेशांची रांग: एका प्रोग्रामने काम लिहून ठेवायचे आणि दुसऱ्याने सवडीने ते उचलून पार पाडायचे. क्लाउडवरील अशा रांगा एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून साधने वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामला, तपासू देणारी साधने आता तयार होत आहेत, आणि त्यांच्याबाबत पहिला प्रश्न सुरक्षिततेचा निघतो. एजंटने रांगेत फक्त पाहायचे असेल, तर धोका कसला, असे कोणालाही वाटेल. या शंकेचे उत्तर मात्र एजंटांच्या कितीतरी आधीच्या काळात आहे.

आयबीएमने १९९३ मध्ये एमक्यूसीरीज हे संदेशरांगांचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, तेव्हा त्यात संदेश काढून घेणे आणि तो जागेवर ठेवून नुसता चाळणे अशा दोन वेगळ्या क्रिया होत्या. जावा भाषेतल्या प्रोग्रामांसाठी १९९८ मध्ये आलेल्या जावा मेसेज सर्व्हिस या प्रमाणकानेही ‘क्यू ब्राउझर’च्या रूपाने हाच भेद कायम ठेवला. या व्यवस्थांत रांग एका व्यवस्थापक प्रोग्रामच्या ताब्यात असे आणि कोणता संदेश कुठे आहे हे त्याला ठाऊक असे, त्यामुळे चाळण्याची सोय देणे फारसे अवघड नव्हते.

अ‍ॅमेझॉनची सिंपल क्यू सर्व्हिस, म्हणजेच एसक्यूएस, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये चाचणीसाठी आणि २००६ च्या जुलैमध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात संदेशांच्या प्रती अनेक सर्व्हरवर विखुरलेल्या असतात आणि नुसते चाळण्याची क्रियाच नाही. संदेशातला मजकूर पाहायचा असेल तर तो ‘रिसीव्ह’ करावा लागतो, म्हणजे काम करणारा प्रोग्राम जसा उचलतो तसाच उचलावा लागतो. उचललेला संदेश ‘व्हिजिबिलिटी टाइमआउट’ संपेपर्यंत इतरांना दिसत नाही. ही मुदत मुळात ३० सेकंद असते आणि ती १२ तासांपर्यंत वाढवता येते. मुदतीत संदेश पुसला नाही तर तो पुन्हा रांगेत दिसू लागतो. काम करता करता एखादा सर्व्हर कोसळला तरी काम हरवू नये, यासाठी केलेली ही योजना आहे, आणि त्या दृष्टीने ती उत्तमच आहे.

अडचण २०१४ पासून वाढली. त्या वर्षी एसक्यूएसमध्ये डेड-लेटर क्यूची सोय आली: ठरावीक वेळा उचलूनही जो संदेश पुसला जात नाही, तो सदोष समजून बाजूच्या रांगेत टाकला जातो. ही मर्यादा ३ ठेवली असेल आणि कोणी तपासणीसाठी तोच संदेश तीनदा उचलला, तर चौथ्या वेळी तो मुख्य रांगेत न मिळता डेड-लेटर क्यूत जातो. त्यात दोष काहीच नसतो, तो फक्त तीनदा पाहिला गेलेला असतो. टाइमआउट शून्य ठेवल्याने संदेश लगेच परत दिसतो हे खरे, पण उचलण्याची मोजदाद व्हायची ती होतेच. अ‍ॅमेझॉनच्या कन्सोलवर बटण दाबून संदेश पाहणाऱ्या माणसालाही हाच हिशेब लागू होतो. साध्या रांगेतून डेड-लेटर क्यूत गेलेल्या संदेशाचे वय मूळ नोंदीच्या वेळेपासूनच मोजले जाते, त्यामुळे संदेश साठवून ठेवण्याची दोन्ही रांगांची मुदत सारखी असेल तर तो अपेक्षेपेक्षा लवकर नाहीसा होतो. २०१६ मध्ये आलेल्या फिफो रांगांत, म्हणजे आधी आलेला संदेश आधीच देणाऱ्या रांगांत, तर एका गटातला एक संदेश उचललेला असेपर्यंत त्या गटातले मागचे संदेश अडून राहतात.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युरवरील रांगांत संदेश न उचलता डोकावण्याची वेगळी क्रिया आहे, आणि लिंक्डइनमधून २०११ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या काफ्का या प्रणालीत संदेश एका नोंदवहीत ओळीने लिहिले जातात आणि वाचल्याने ते तिच्यातून जात नाहीत. त्यामुळे एकाच साच्याचे साधन सगळीकडे सारखे सुरक्षित ठरत नाही.

अँथ्रॉपिकने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केल्यावर एजंटला बाहेरच्या सेवांशी जोडणे सोपे झाले. २०२५ च्या मार्चमधील आवृत्तीत एखादे साधन ‘केवळ वाचणारे’ आहे की ‘नाश करू शकणारे’, हे सांगणारी खूण जोडण्याची सोय आली, मात्र ही खूण हमी नव्हे, असेही त्या प्रमाणकात बजावलेले आहे. आता एसक्यूएसच्या ‘रिसीव्ह’वर कोणती खूण लावायची? तो काही पुसत नाही, पण रांगेची स्थिती बदलतो. माझ्या मते त्याला ‘केवळ वाचणारे’ म्हणणे ही चूकच आहे, कारण माणूस एकदा पाहून थांबतो तिथे एजंट खात्री करण्यासाठी तोच संदेश चार वेळा मागवू शकतो.

खरोखर केवळ वाचणारी माहिती निराळी आहे: रांगेत अंदाजे किती संदेश आहेत, किती उचललेले आहेत, सर्वांत जुना किती वेळ पडून आहे. बहुतेक निदानाला एवढे पुरते, म्हणून एजंटला आधी हीच परवानगी देणे शहाणपणाचे. मजकूर पाहणे आवश्यकच असेल तर डेड-लेटर क्यूपुरते किंवा मुद्दाम पाठवलेल्या प्रतींच्या वेगळ्या रांगेपुरते ते मर्यादित ठेवता येते. मजकुरात ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते असू शकतात, तसेच एजंटला भुलवण्यासाठी घातलेली आज्ञाही असू शकते, म्हणून खासगी तपशील झाकायला हवेत आणि जे उरते ते आज्ञा नव्हे, निव्वळ माहिती म्हणूनच एजंटपुढे ठेवायला हवे. संपूर्ण रांग रिकामी करणारी ‘पर्ज’ ही क्रिया आणि डेड-लेटर क्यूतले संदेश परत मुख्य रांगेत सोडणे यांची परवानगी तपासणीसाठीच्या खात्याला देऊच नये. यातली दुसरी क्रिया २०२३ पासून एपीआयनेही, म्हणजे प्रोग्राममधून थेट, करता येते, त्यामुळे त्या परवानगीकडे आता वेगळे लक्ष द्यावे लागते.