स्क्रीनशॉट जेपीजी केला की फाइल लहान होते?

"स्क्रीनशॉट जेपीजी करून पाठव, फाइल लहान होते," हे पुण्यात क्लासपासून हिंजवडीच्या ऑफिसांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. फोटोसाठी ते खरं आहे. मजकुराच्या स्क्रीनसाठी बहुतेकदा नाही. १९९२ सालचं जेपीजी हे चित्र साठवायचं फाइल-स्वरूप चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. पण अक्षराची धारदार कड हाच तर बारकावा! एक्सेलच्या जेपीजी स्क्रीनशॉटमधला लाल आकडा मोठा करून पाहा: कडेला मळकट ठिपके, रंग पसरलेला. पीएनजी हे चित्राचं दुसरं फाइल-स्वरूप काहीच टाकत नाही. सलग पांढरी जागा, पुन्हापुन्हा येणारे तेच आकार थोडक्यात नोंदवतं. म्हणून मजकूर स्वच्छ राहतो, फाइलही बरेचदा लहान. मात्र आधीच जेपीजी झालेल्याचं पीएनजी करू नका. मळ तसाच राहतो आणि फाइल फुगते.