नको ते मेल आले कुठून?

परवा बाबांच्या इनबॉक्समध्ये विजेच्या बिलाचा मेल शोधत होतो, तर वर नुसते सेल, लोन आणि लकी ड्रॉ, आणि बिल सापडलं तेव्हा भरायची तारीख उलटून गेली होती. तेव्हापासून हे सुरू कुठून झालं ते वाचतोय, दुखणं बरंच जुनं आहे.

३ मे १९७८. अमेरिकेत तेव्हा अर्पानेट होतं, इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क, त्यावर संशोधक, विद्यापीठं आणि लष्कराशी संबंधित लोक, पत्ते छापील डिरेक्टरीत मिळायचे. डीईसी कंपनीच्या मार्केटिंगमधल्या गॅरी थर्कने नव्या कॉम्प्युटरच्या डेमोचं आमंत्रण एकदम जवळपास ४०० जणांना पाठवलं. पत्ते इतके की रकान्यात मावेनात, उरलेले खाली मजकुरात सांडले, म्हणजे मेल उघडला की आधी पत्त्यांचीच रांग. लोक भडकले, तंबीही मिळाली, पण त्यातून मशीनं विकली गेली असं थर्कनेच नंतर सांगितलं, आणि सगळी गोम इथेच आहे, पाठवणाऱ्याला खर्च जवळपास शून्य, त्रास मात्र मेल मिळणाऱ्याला.

१९८२ मध्ये मेलचे नियम ठरले, एसएमटीपी, त्यातही पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचंही नाव टाकलं तरी तपासायची सोय नव्हती. ओळखीच्याच माणसांचं नेटवर्क, दाराला कडी कशाला. मग १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात युजनेट या ऑनलाइन चर्चेच्या नेटवर्कवरच्या हजारो ग्रुपमध्ये टाकली आणि धंद्यासाठी असं करता येतं हे सगळ्यांना कळलं.

असे नको ते मेल, म्हणजे स्पॅम, अडवणारा फिल्टर सुरुवातीला म्हणजे हाताने लिहिलेले नियम, अमुक शब्द आला की अडव. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने मांडलं की नियम लिहू नका, मोजा, कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती, त्यावरून फिल्टरच शिकेल. म्हणून नुसतं डिलीट करण्यापेक्षा 'स्पॅम' बटण दाबा, डिलीटमधून फिल्टर तेवढं शिकत नाही.

अमेरिकेचा स्पॅमविरोधी कायदा २००४ पासून लागू झाला, पण त्यात आधी परवानगी घ्यायची अटच नाही, नको असेल तर तुम्ही सांगा, मग १० कामकाजाच्या दिवसांत थांबवतील. मला हे उलटं वाटतं, विचारायचं काम पाठवणाऱ्याचं आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो या एकाच होस्टिंग कंपनीचं, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं, कनेक्शन तोडलं तर जगातला स्पॅम अर्ध्याहून खाली आला, काही महिन्यांत परत चढला.

दाराला कडी लागायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला आता ओळख पटवावी लागते आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब द्यावं लागतं. बाबांच्या इनबॉक्समध्ये आम्ही तेच केलं, ओळखीच्या दुकानांना अनसबस्क्राइब, अनोळखी मेलमधल्या लिंकला हात न लावता थेट स्पॅम, आणि वीजबिलाला वेगळं लेबल.