ग्राफिक्स कार्ड घेताना जीबीच्या आधी बँडविड्थ विचारा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलात, की पहिला प्रश्न हमखास येतो: "किती जीबीचं दाखवू? दोन की चार?" घेणाराही त्याच हिशेबानं बोलतो. चार जीबी म्हणजे दोन जीबीच्या दुप्पट चांगलं, असं धरून पैसे मोजले जातात. पण कार्डावर मेमरी किती आहे यापेक्षा त्या मेमरीतून दर सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो, म्हणजे तिची बँडविड्थ किती, हे कितीतरी महत्त्वाचं असतं. वेगळं कार्ड नसताना कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेल्या, म्हणजे ऑनबोर्ड, ग्राफिक्सचं घोडं अडतं तेही इथेच. ही एक गोष्ट नीट कळली, तर कोणतं कार्ड घ्यायचं, आणि मुळात घ्यायचं की नाही, हे ठरवणं पुष्कळ सोपं होतं.

उदाहरणासाठी एक ठरावीक मशीन डोळ्यांसमोर ठेवू. कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले डेस्कटॉप आज रिफर्बिश्ड म्हणून सगळीकडे मिळतात. त्यांतलाच एक: इंटेल कोअर आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसर २०१८चा असला तरी सहा कोअरचा आहे, विंडोज ११ त्यावर चालतं, आणि अभ्यास, हिशेब, कोडिंग यांना तो आजही पुरून उरतो. पडद्यावरचं चित्र तयार करण्याचं काम त्याच चिपच्या एका कोपऱ्यात बसवलेलं यूएचडी ग्राफिक्स ६३० करतं.

ग्राफिक्स असं आत बसवायची सुरुवात जुनी आहे. इंटेलच्या ८१० या चिपसेटमध्ये १९९९ सालीच ते होतं. तेव्हा ते मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचं, म्हणून ऑनबोर्ड हे नाव रुळलं. २०१०मध्ये ते प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आलं आणि २०११च्या सँडी ब्रिज पिढीपासून प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर. जागा बदलत गेली, ताकदही वाढली, पण एक गोष्ट बदलली नाही: त्याला स्वतःची मेमरी नाही. ते कॉम्प्युटरच्या रॅममधलाच एक वाटा वापरतं.

या वाट्याचा हिशेब करून पाहू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगाला चार बाइट धरले, तर एक चित्र सुमारे ८.३ एमबीचं झालं. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५०० एमबी. आता आपल्या मशीनमधली रॅम पाहा. डीडीआर४-२६६६ जातीची एक स्टिक एका वेळी ६४ बिट, म्हणजे आठ बाइट देते आणि हे सेकंदाला २६६.६ कोटी वेळा करते. गुणाकार केला की येतात सेकंदाला २१.३ जीबी. त्यातले अर्धा जीबी पडद्याला गेले, तर काहीच बिघडत नाही. म्हणूनच एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ यांसाठी ऑनबोर्ड ग्राफिक्स उत्तम चालतं आणि तेवढ्यासाठी कार्ड घेण्याची गरज नसते.

गेम किंवा थ्रीडी मॉडेल उघडलं की चित्र पालटतं. तिथे तयार चित्र रॅममधून फक्त उचलायचं नसतं, ते दर वेळी नव्यानं घडवायचं असतं. एखाद्या पिक्सेलच्या जागी आधी आकाश रंगवलं जातं, मग त्यावर डोंगर, मग झाड, मग समोरचा माणूस. प्रत्येक वेळी "ही वस्तू आधीच्यापेक्षा जवळ आहे का?" हे तपासायला खोलीचा आकडा वाचावा लागतो, पृष्ठभागाचा पोत वाचावा लागतो, निकाल परत लिहावा लागतो. सावल्या, प्रतिबिंबं, धुकं यांच्या फेऱ्या वेगळ्या. हाती आलेलं चित्र आठ एमबीचंच, पण ते घडवताना झालेली ये-जा त्याच्या कितीतरी पट असते. चिपमधली छोटी कॅशे मेमरी यातली थोडी ये-जा वाचवते, सगळी नाही. शिवाय त्याच वेळी प्रोसेसरलाही गेमचं गणित करायला तीच रॅम हवी असते. चाळीत सकाळी एकाच नळावर दोन बिऱ्हाडांनी हंडे लावावेत, तशी ही स्थिती आहे. नळाची धार ठरलेली आहे. हंडा मोठा आणल्यानं ती वाढत नाही.

वेगळं कार्ड घेतो तेव्हा आपण मुख्यतः दोन गोष्टी विकत घेतो: गणितं करणारी जास्त एककं आणि त्यांच्या शेजारीच बसवलेली, फक्त त्यांच्याच हक्काची मेमरी. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे २०१९चं साधं कार्ड घ्या. त्याची जीडीडीआर५, म्हणजे ग्राफिक्ससाठीच बनवलेली, मेमरी १२८ बिटांच्या रस्त्यानं सेकंदाला १२८ जीबी देते, आपल्या एका स्टिकच्या सहापट. यूएचडी ६३०मध्ये २४ एक्झिक्युशन युनिट, प्रत्येकात आठ, अशी १९२ गणनएककं आहेत, १६५०मध्ये ८९६. दोघांची रचना वेगळी असल्यानं हे आकडे सरळ एकास एक ताडून पाहता येत नाहीत, पण अंतर किती आहे त्याची कल्पना येते.

कार्डाच्या आधी मात्र एक स्वस्त उपाय करून पाहावा, आणि तो बहुतेक दुकानांत कोणी सुचवत नाही. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट भरलेत ते तिथे दिसतं. "चारपैकी एक" किंवा "दोनपैकी एक" दिसलं, तर त्याच जातीची आणखी एक स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावा. प्रोसेसर दोन स्टिकशी दोन स्वतंत्र वाटांनी एकाच वेळी बोलू शकतो, याला ड्युअल चॅनल म्हणतात. २१.३चे सुमारे ४२ जीबी होतात. जो गेम ऑनबोर्डवर अडखळत होता, तो पुष्कळदा एवढ्यानंच बरा चालू लागतो, आणि वाढलेली रॅम बाकीच्या कामांनाही उपयोगी पडते ती वेगळीच. एएमडीच्या ज्या रायझन प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी जी असतं, त्यांचं आतलं ग्राफिक्स जास्त ताकदीचं असतं. एकाच स्टिकवर ते अक्षरशः उपाशी राहतं, त्यामुळे त्यांना या उपायाचा फायदा आणखी होतो.

आता पुन्हा त्या दोन की चार जीबीकडे. बाजारात वर्षानुवर्षं खपलेलं एक कार्ड म्हणजे जीटी ७३०. ते आलं २०१४मध्ये, आणि एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कार्डं होती. त्यातल्या ६४ बिट डीडीआर३ प्रकाराची बँडविड्थ सेकंदाला १४.४ जीबी आहे. म्हणजे आपल्या मशीनमधल्या एकुलत्या एक स्टिकपेक्षाही कमी! खोक्यावर ठळक अक्षरांत ४ जीबी लिहिलेलं असतं, पण ते चार जीबी भरेपर्यंत कार्डाचा जीव निघतो. त्याच नावाचा जीडीडीआर५ प्रकार ४० जीबी देतो. हीच गोष्ट पुढे जीटी १०३०च्या बाबतीत घडली. २०१७च्या मूळ कार्डाला ४८ जीबी. २०१८मध्ये त्याच नावानं डीडीआर४ मेमरी लावून आलेल्या कार्डाला १६.८. कार्डाचा जीव जिच्यावर आहे ती गोष्ट जवळजवळ एक तृतीयांशावर आणायची आणि नाव तेच ठेवायचं, हे मला साफ चुकीचं वाटतं. गिऱ्हाईक नाव वाचून खरेदी करतं. त्याला खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लावणं हा व्यवहार झाला नाही. तरी जोवर असं चालतं, तोवर डीडीआर की जीडीडीआर आणि किती बिट, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जुन्या कार्डाचा आणखी एक तोटा चटकन लक्षात येत नाही. यूट्यूब आपले बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीनं पाठवतं. यूएचडी ६३०मध्ये ते उलगडणारं खास सर्किट आहे, जीटी ७३०मध्ये नाही. ते कार्ड लावल्यावर हे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडू शकतं. पैसे खर्चून व्हिडिओ आधीपेक्षा वाईट चालावा, हे यामुळे खरोखर घडतं. त्या कार्डाच्या केपलर पिढीला नियमित ड्रायव्हर मिळणंही २०२१मध्येच थांबलं.

जीबीच्या आकड्याला अर्थच नाही असं मात्र नाही. कार्डावरची मेमरी पुरेनाशी झाली, की उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून आणावा लागतो. ही वाट बरीच अरुंद आहे. आपल्या मशीनमध्ये तिसऱ्या पिढीचा स्लॉट आहे. त्याची एक लेन, म्हणजे डेटाची एक पट्टी, सेकंदाला जेमतेम एक जीबी वाहते, म्हणजे सोळा लेनचे मिळून सोळा जीबी. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२चं कार्ड चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावतं, पण तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर वाट चार जीबीची उरते. कार्डावरची चार जीबी मेमरी भरली, की गेम मध्येच गचके खाऊ लागतो. नवं कार्ड जुन्या मशीनसाठी निवडताना स्लॉटची पिढी आणि कार्डाच्या लेन म्हणूनच पाहाव्या लागतात. इंटेलच्या आर्क कार्डांचंही तसंच आहे. त्यांना रिसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय लागते, आणि इंटेल स्वतःच त्यासाठी दहाव्या किंवा नंतरच्या पिढीचा प्रोसेसर सांगतं. आपला आय५ आठव्या पिढीचा.

मग येते वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागले तर एसएमपीएसपासून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यापासून, वेगळी केबल हवी: सहा पिनांची ७५ वॉटसाठी, आठ पिनांची १५० वॉटसाठी. ऑफिसच्या छोट्या डेस्कटॉपांत एसएमपीएस बहुतेकदा दोन-अडीचशे वॉटच्या आसपासचा आणि कंपनीच्या स्वतःच्या घाटाचा असतो. त्यात अशी केबल नसते, आणि बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसतही नाही. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला कन्व्हर्टर लावून सहा पिना काढून देणारे सापडतात. ते करू नये. साटाच्या जोडणीतल्या १२ व्होल्टच्या पिना मिळून ५४ वॉटपुरत्या असतात. त्यांवर ७५ वॉटचा भार टाकला तर प्लास्टिक वितळू शकतं. अशा मशीनला केबल न लागणारंच कार्ड घ्यावं. २०२४मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचं, या गटात चांगलं आहे: ७० वॉट आणि सेकंदाला १६८ जीबी. इथेही नावाची गफलत आहेच. आठ जीबीचं ३०५० हे १३० वॉटचं वेगळं कार्ड आहे आणि त्याला केबल लागते. काही ऑफिस डेस्कटॉपांत स्लॉटलाही ७५पेक्षा कमी मर्यादा असते, ती त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

कॅबिनेट सपाट असेल तर लो प्रोफाइल कार्डच बसतं. त्याची उंची सुमारे ६९ मिलिमीटर, नेहमीच्या कार्डाची १११. लांबी मोजताना हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो का तेही पाहा.

बसवायचं काम अवघड नाही. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलासुरला चार्ज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मागच्या बाजूच्या एक किंवा दोन पत्र्याच्या पट्ट्या काढा. कार्ड कडांना धरून, सोनेरी पट्टीला बोट न लावता, स्लॉटवर सरळ ठेवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. स्लॉटच्या टोकाची खिट्टी "टक्" असा आवाज करून बसली पाहिजे. मग मागचा स्क्रू. तो न लावता सोडून दिला, तर जड कार्ड हळूहळू कलतं आणि महिन्याभरानं "नो डिस्प्ले"ची तक्रार येते.

यानंतरची सगळ्यात जास्त होणारी गडबड आहे मॉनिटरच्या केबलची. कॅबिनेटच्या मागे आता दोन ठिकाणी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची भोकं दिसतात. यूएसबी आणि नेटवर्कच्या घोळक्यातली भोकं मदरबोर्डची, खाली कार्डाच्या पट्टीवरची कार्डाची. केबल सवयीनं जुन्याच जागी लावली जाते. मग एक तर पडदा काळा राहतो, कारण बऱ्याच मशीनमध्ये कार्ड लागल्यावर ऑनबोर्ड आपोआप बंद होतं. नाहीतर चित्र दिसतं, पण गेम मात्र तसाच रखडतो. केबल कार्डाला लावली, ड्रायव्हर टाकला आणि टास्क मॅनेजरमध्ये नव्या कार्डाचं नाव जीपीयू म्हणून दिसलं, की काम झालं.

ऑनबोर्ड ग्राफिक्स त्यानंतर निवृत्त करायची गरज नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तत्सम नावाची सोय असेल तर ती चालू करा. दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या भोकाला लावता येतो. इंटेलच्या चिपमध्ये २०११पासून असलेलं क्विक सिंक हे व्हिडिओ एन्कोड करणारं सर्किटही जागं राहतं, आणि ओबीएससारखा प्रोग्राम रेकॉर्डिंगचं काम त्याच्याकडे सोपवून कार्ड पूर्णपणे गेमसाठी मोकळं ठेवू शकतो.