दम्याचा पंप : छातीत औषध जातं, हवेत काय जातं?

आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

पंपातल्या वायूने हवा तापते असं ऐकून काही जण काउंटरवर विचारतात, "मग बंद करू का?" नाही. डॉक्टरांना न विचारता पंप सोडू नका. रात्री दम लागून पेशंटला तालुक्याला न्यावं लागलं तर जीवाला धोका आहेच, शिवाय गाडीचं डिझेलही जळणारच.

तरी ऐकलं ते खोटं नाही. पंपाच्या डब्यात औषध बाहेर ढकलणारा वायू दाबून भरलेला असतो. पूर्वी तो सीएफसी होता. त्याने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला एचएफए-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. २०० फवाऱ्यांच्या एका पंपाचा हवा तापवण्यातला भार साधारण १० ते २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे ४ ते १२ लिटर पेट्रोल जाळण्याइतका धरतात.

पावडरच्या इनहेलरमध्ये, म्हणजे कॅप्सूल टाकून ओढायच्या रोटाहेलरमध्ये, हा वायू नसतोच. पण पावडर जोराने आणि खोल ओढावी लागते. लहान मुलं, थकलेली म्हातारी माणसं आणि दम लागलेला पेशंट यांना ते जमेलच असं नाही; त्यांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावलेला पंपच बरा. बदल डॉक्टरांनीच करायचा. (कॅप्सूल गिळायची नसते. पावसाळ्यात ती आयत्या वेळीच पाकिटातून काढा, ओल धरते.)

आमच्या मते खरी नासाडी निळ्या पंपाची, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या पंपाची, होते. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागत असतील तर दमा आटोक्यात नाही. चुलीचा धूर, जिनिंगमधली कापसाची धूळ, वावरात जाळलेली पऱ्हाटी यांबद्दल डॉक्टरांना सांगा आणि श्वासनळ्यांची सूज कमी करणारं रोजचं औषध चुकवू नका. ते नेमाने घेतलं की निळा पंप आपोआप कमी लागतो.

पंप चालतो का हे बघायला हवेत फवारे उडवू नका. नवा किंवा बरेच दिवस पडून असलेला असेल तर आतल्या चिठ्ठीत लिहिलेत तेवढेच फवारे सोडा. डबा पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर आकडा बघा, नसेल तर खोक्यावर सुरू केल्याची तारीख लिहा. ठरलेले फवारे संपल्यावरही फुस्स आवाज येतो, पण औषध पुरेसं येईलच याची खात्री नसते.

मे महिन्यात पंप फटफटीच्या डिक्कीत किंवा टिनाखाली ठेवू नका. रिकामा डबाही चुलीत, उकिरड्याच्या आगीत टाकू नका: आत वायू उरलेला असतो, डबा फुटतो. तो आम्हाला आणून द्या. काउंटरवर त्यासाठी वेगळं खोकं आहे. शेजारच्या दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर, पण दाबाचे डबे म्हणून वेगळ्या पिशवीत, आम्ही ते पाठवतो. प्लास्टिकचं कव्हर काढून फक्त धातूचा डबा दिला तरी चालेल.